झाडतोडीच्या कामासाठी करवत, गाडी आणि इंधन: काय घ्यावं, काय भाड्यानं आणावं

मुळशी, मावळ, भोर या बाजूला फार्महाउस आणि प्लॉटिंग वाढलं तसं झाडांचं कामही वाढलं. पावसाळ्याआधी घरावर आलेल्या फांद्या, बांधावरची वाळलेली बाभूळ, सोसायटीतला वाकलेला गुलमोहर, शेताच्या कडेची सुबाभूळ. कुऱ्हाड-कोयत्यावर काम करणारी दोघा-तिघांची टोळी एखाद्या हंगामानंतर मशीन घ्यायचं ठरवते आणि तिथून गोंधळ सुरू होतो. दुकानदार सर्वांत मोठी करवत पुढे करतो आणि गाडीचा एजंट सर्वांत मोठा हप्ता.

माझं मत आधीच सांगून टाकतो. पहिल्या वर्षी पैसा करवतीत आणि अंगावरच्या संरक्षणाच्या सामानात घाला, गाडी भाड्यानं लावा. करवत रोज लागते. गाडी लागते ती माल उचलायच्या दिवशी, आणि पुष्कळदा लाकूड शेतमालकच ठेवून घेतो.

स्वस्त ५८ सीसी की कंपनीची ४०–५० सीसी

‘५८ सीसी, २२ इंच’ असं लिहिलेल्या पेट्रोल करवती बाजारात वेगवेगळ्या नावांनी आणि रंगांनी मिळतात. आतलं इंजिन बहुतेक एकाच धाटणीचं. पाच ते आठ हजारांत काम होतं. नावाजलेल्या कंपनीची ४० ते ५० सीसीची करवत घ्यायची तर वीस हजारांच्या पुढेच जावं लागतं. एवढ्या फरकात स्वस्तातल्या तीन येतील, असा हिशेब बरेच जण करतात. तो अगदीच चुकीचा नाही. स्वस्त करवतीचे सुटे भाग कुठेही मिळतात आणि एकीचे दुसरीला बसतात. कार्बोरेटर बिघडला तर दुरुस्त न करता सरळ नवा टाकला तरी परवडतो. जमिनीवर पडलेल्या ओंडक्याचे तुकडे पाडायचे, तेही आठवड्यातून एखाद-दुसरा दिवस, तर तिला नावं ठेवण्याचं कारण नाही.

फरक कळतो तो रोजच्या कामात. स्वस्त करवत जड असते आणि हाताला मुंग्या येतील इतकी थरथरते. चांगल्या करवतीत हँडल आणि इंजिन यांच्यामध्ये स्प्रिंग किंवा रबर असल्यानं संध्याकाळी बोटं शाबूत वाटतात. चेन ब्रेक हा त्याहून मोठा मुद्दा. बारच्या (ज्यावर चेन फिरते त्या लांब पट्टीच्या) टोकाचा वरचा भाग लाकडाला टेकला की करवत उसळून तोंडाकडे येते. त्या क्षणी पुढचं गार्ड मनगटाला लागून चेन जागच्या जागी थांबली पाहिजे. दुकानात करवत चालू करून, चेन फिरत असताना मनगटानं ते गार्ड पुढे ढकलून बघा. चेन ताबडतोब थांबली नाही तर ती करवत फुकट दिली तरी घेऊ नका.

बारच्या लांबीचंही असंच. २२ इंच बार दिसायला रुबाबदार, पण आपल्याकडच्या नेहमीच्या कामाला १६ ते १८ इंच भरपूर होतो. बार जितका लांब तितका इंजिनवर भार, धार लावायला दात जास्त आणि टोक नजरेआड जाऊन उसळी बसायची शक्यताही जास्त. मोठा पर्जन्यवृक्ष किंवा जुनी चिंच पाडायचं काम रोज हाती असेल तरच लांब बारचा विचार करा.

दोन्हींना सारखीच लागू पडणारी गोष्ट म्हणजे धार. बाभूळ, खैर, चिंच ही लाकडं चिवट, आणि बांधावरच्या बुंध्याला तर माती चिकटलेलीच असते. मातीला एकदा चेन लागली की धार गेली. भुशाऐवजी बारीक पीठ पडायला लागलं की थांबा, करवत दाबू नका. ५८ सीसीवाल्या बहुतेक करवतींना ०.३२५ इंच पिचची (पिच म्हणजे चेनच्या कड्यांमधल्या अंतराचं माप) चेन येते, तिला ४.८ मिमीची गोल कानस लागते. लहान करवतींवरच्या ३/८ लो प्रोफाइल चेनला ४ मिमीची. चुकीच्या मापाच्या कानशीनं दाताचा आकारच बिघडतो आणि मग मशीनला दोष दिला जातो. दोन चेन जास्तीच्या ठेवा. मोठी करवत घेण्यापेक्षा त्याचा उपयोग जास्त होतो.

बॅटरीची करवत कोणासाठी

हिला खेळणं म्हणून हसण्याचे दिवस गेले. ३६ व्होल्टची चांगली करवत फांद्यांच्या छाटणीला खरोखर उपयोगी आहे. झाडावर दोराला लटकून असताना पेट्रोल करवतीची दोरी ओढून ती चालू करणं हा त्रासाचा आणि धोक्याचा प्रकार. बॅटरीची करवत बटण सोडलं की थांबते, दाबलं की चालते. आवाजही बराच कमी. कोथरूड-बाणेरच्या सोसायट्यांत सकाळी काम करायचं तर हा मोठाच फायदा, कारण पेट्रोल करवतीचा आवाज १०० डेसिबलच्या पुढे जातो आणि कोणी ना कोणी गॅलरीत येऊन ओरडतंच.

अडचण आहे ती वेळेची आणि पैशाची. जाड लाकडावर एक बॅटरी अर्ध्या-पाऊण तासात मान टाकते. दोन बॅटऱ्या आणि जलद चार्जर धरला तर खर्च चांगल्या पेट्रोल करवतीच्या वर जातो. एप्रिल-मे महिन्यांत दौंड-इंदापूरच्या उन्हात तापलेली बॅटरी थंड होईपर्यंत चार्जही होत नाही, ती सावलीतच ठेवावी लागते. आणि जिथे झाड, तिथे वीज असेलच असं नाही.

म्हणून विभागणी सोपी आहे. शहरात आणि सोसायट्यांत छाटणी जास्त असेल तर आधी बॅटरीची घ्या आणि पेट्रोलची लागेल तेव्हा भाड्यानं आणा. शेतावरची तोड जास्त असेल तर उलट. ऑनलाइन मिळणारी चार-सहा इंची मिनी करवत मात्र मनगटाएवढ्या फांदीपुरतीच. ती एका हातानं चालवायचा मोह होतो, आणि मग दुसरा हात नेमका फांदी धरायला चेनसमोर जातो.

पेट्रोल: इथे सगळ्यात जास्त करवती मरतात

आता पंपावर मिळतं ते २० टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल. इथेनॉल येतं ते आपल्याच उसाच्या आणि धान्याच्या कारखान्यांतून, त्याबद्दल राग धरण्यात अर्थ नाही, पण टू-स्ट्रोक, म्हणजे पेट्रोलमध्येच ऑइल मिसळून चालणाऱ्या करवतीला त्याची सवय नाही. बऱ्याच करवतींच्या पुस्तिकेत १० टक्क्यांपर्यंतच इथेनॉल चालेल असं लिहिलेलं असतं. घेण्याआधी ते पान वाचा.

इथेनॉल हवेतली ओल ओढून घेतं. मुळशी-ताम्हिणीच्या पावसाळ्यात अर्धवट भरलेला कॅन महिनाभर ठेवला तर पाणी आणि इथेनॉल मिळून तळाशी थर धरू शकतात. करवतीतली नळी तळातूनच ओढते. त्या थरात टू-स्ट्रोक ऑइल नीट विरघळत नाही, म्हणजे इंजिनात ऑइलविना इंधन जातं आणि पिस्टन जाम होतो. शिवाय कार्बोरेटरचा पातळ पडदा आणि रबरी नळ्या कडक होतात. करवत मग चालू होते, जरा वेळ चालते आणि रेस दिली की बंद पडते. मेकॅनिककडे येणाऱ्या करवतींत ही तक्रार नेहमीची.

यावर उपाय फार महाग नाहीत. आठवड्यापुरतंच मिश्रण बनवा. करवत पंधरा-वीस दिवस वापरायची नसेल तर टाकी रिकामी करून आपोआप बंद पडेपर्यंत चालवा. पंपावरचं महागडं पेट्रोल घेतलं म्हणजे इथेनॉल टळलं असं समजू नका. ९५ ऑक्टेनच्या पेट्रोलमध्येही ते असू शकतं. पंपावर स्पष्ट विचारा.

ऑइलचं प्रमाण करवतीच्या पुस्तिकेप्रमाणे ठेवा. १:५० म्हणजे पाच लिटरला १०० मिली, १:२५ म्हणजे २०० मिली. स्वस्त करवतींना सहसा १:२५ सांगतात. कंपनीच्या करवतीत कंपनीचं किंवा जासो एफडी (टू-स्ट्रोक ऑइलचा जपानी दर्जा) लिहिलेलं ऑइल वापरून १:५० ठेवता येतं. ‘जरा जास्त ऑइल टाकलं तर बरं’ हा समज सोडा, त्यानं प्लग काळा पडतो आणि सायलेन्सर चोंदतो. ऑइल मापानंच मोजा, बाटलीच्या झाकणानं नव्हे.

चेनवर जळकं इंजिन ऑइल टाकायची सवय मात्र मोडायलाच हवी. त्यात धातूचा बारीक चुरा असतो, त्यानं पंप आणि बार झिजतात आणि ते दिवसभर हातावर, कपड्यांवर उडत राहतं. चेन ऑइल परवडत नसेल तर निदान नवं, साधं एसएई ३० जाडीचं इंजिन ऑइल घ्या.

पेट्रोल नेण्याबद्दल कायदा स्पष्ट आहे. १९३४ च्या पेट्रोलियम कायद्यानुसार विक्रीसाठी नसलेलं ३० लिटरपर्यंत पेट्रोल बाळगायला परवाना लागत नाही, पण ते घट्ट झाकणाच्या काचेच्या, चिनी मातीच्या किंवा धातूच्या भांड्यात हवं; काचेचं किंवा चिनी मातीचं एक लिटरपेक्षा आणि धातूचं २५ लिटरपेक्षा मोठं चालत नाही. पाण्याच्या बाटलीत पेट्रोल न्यायची पद्धत म्हणूनच चुकीची. पाच लिटरचा पत्र्याचा कॅन एकदाच घ्यायचा आहे. करवतीत पेट्रोल भरताना ती थंड होऊ द्या, आणि भरल्या जागेपासून दहा पावलं लांब जाऊन चालू करा.

गाडी: छोटा हत्ती, पिकअप की ट्रॅक्टर

ओलं लाकूड दिसतं त्याहून फार जड असतं. ताज्या बाभळीचा घनमीटर सहज टनाच्या आसपास भरतो. साडेसातशे किलोच्या छोट्या हत्तीत हौदा निम्मा भरला तोच वजन संपलं. पिकअपची क्षमता मॉडेलप्रमाणे सव्वा ते पावणेदोन टन. वखारीत माल वजनकाट्यावर मोजला जातो, तेव्हा एका फेरीला किती टन गेले यावरच भाडं सुटतं की नाही ते ठरतं. जास्तीचा माल भरून फेरी वाचवण्याचा हिशेबही आता महाग आहे. २०१९ च्या मोटार वाहन दुरुस्तीनंतर क्षमतेपेक्षा जास्त माल भरल्यास २० हजार रुपये आणि वरच्या प्रत्येक टनामागे दोन हजार असा दंड आहे.

तरी छोटा हत्ती बाद होत नाही. गावठाणातल्या बोळात, सोसायटीच्या गेटमधून आणि पेठांत तो जातो, पिकअप अडकते. कचरा, पालापाचोळा आणि बारीक फांद्या हलक्या असतात पण जागा खातात, त्यांना जाळीचे उंच फाळके लावलेला छोटा हत्ती उत्तम. शहरातली छाटणी हेच मुख्य काम असेल तर पिकअपचा हप्ता भरण्यात अर्थ नाही.

ट्रॅक्टर-ट्रॉली शेतातून लाकूड बाहेर काढायला तिघांत सरस, चिखलातही. पण शेतीसाठी नोंदलेल्या ट्रॅक्टरवर भाड्याचा माल घेऊन महामार्गावर फिरणं अडचणीचं. म्हणून शेतातून डांबरी रस्त्यापर्यंत गावातलाच ट्रॅक्टर आणि पुढे पिकअप, ही जोडी बहुतेक वेळा बरी पडते. मोठे ओंडके चढवायला तासावर हायड्रा (चाकांवरची क्रेन) मिळते. चार माणसांच्या कंबरेपेक्षा तिचं भाडं स्वस्त.

डिझेल, सीएनजी आणि विजेची गाडी

भरल्या पिकअपनं लिटरला ११ किलोमीटर दिले आणि डिझेल ९० रुपये धरलं तर किलोमीटरला आठ रुपयांच्या वर खर्च येतो. सीएनजीच्या छोट्या हत्तीनं किलोला १८ दिले आणि गॅसही ९० धरला तर पाच रुपये. भाव बदलतील, हिशेबाची रीत तीच. पण हे आकडे किलोमीटरचे आहेत, टनाचे नाहीत. पिकअपनं दीड टन नेलं आणि छोट्या हत्तीनं पाऊण, तर टनामागे साडेपाच आणि पावणेसात पडतात. जड लाकडाला डिझेल पिकअप स्वस्त, हलक्या कचऱ्याला सीएनजी.

सीएनजीला पुणे आणि पिंपरी-चिंचवडमध्ये पंप भरपूर आहेत, रांगाही. भोर किंवा वेल्ह्याच्या आत गेलात तर परतीचा गॅस मोजूनच निघावं लागतं. भरल्या गाडीनं बापदेव किंवा ताम्हिणी घाट चढताना सीएनजी दम खाते, डिझेल ओढून नेते. सिलिंडरची दर तीन वर्षांनी तपासणी करून घ्यावी लागते, जुनी गाडी घेताना त्याची तारीख आधी पाहा.

डिझेलचंही एक दुखणं आहे. १ एप्रिल २०२० पासून गाड्यांच्या धुराचा बीएस-६ हा नियम लागू झाला. तेव्हापासून अनेक डिझेल गाड्यांत धुराची काजळी अडवणारा फिल्टर असतो. गाडी रोज दोन-तीन किलोमीटरच फिरली तर तो जळून साफ होत नाही आणि डॅशबोर्डवर दिवा लागतो. गावातल्या गावात फेऱ्या असतील तर आठवड्यातून एकदा तरी तिला महामार्गावर मोकळी पळवायला हवी.

विजेच्या तीनचाकी आणि लहान चारचाकी गाड्या शहरातल्या ठरावीक फेऱ्यांना परवडतात. घाटात, ओलं लाकूड भरून, चार्जिंगची खात्री नसताना त्यांच्या भरवशावर धंदा उभा करू नये.

परवानगी आणि अंगावरचं सामान

पुणे आणि पिंपरी-चिंचवड महापालिकेच्या हद्दीत १९७५ चा झाडे संरक्षणाचा कायदा लागू आहे, परवानगी उद्यान विभागाकडून आणि वृक्ष प्राधिकरणाकडून घ्यायची. ग्रामीण भागात १९६४ चा झाडतोड नियमनाचा कायदा, त्याच्या अनुसूचीत आंबा, चिंच, जांभूळ, फणस, साग, खैर, हिरडा, मोह अशी झाडं आहेत. मालक ‘माझंच झाड आहे’ म्हणेल, पण करवत तुमच्या हातात आणि माल तुमच्या गाडीत असतो. परवानगीची प्रत हातात आल्याशिवाय गाडी लावू नका. तारांजवळचं काम असेल तर महावितरणकडून लाइन बंद करून घेतल्याशिवाय शिडीही टेकवू नका, ओली फांदी वीज वाहते.

हेल्मेट, जाळीचा चष्मा, कानाचे मफ, पुढं पोलादी टोक असलेले बूट आणि चेन अडवणारी पँट या सगळ्याला मिळून एका स्वस्त करवतीच्या दुप्पट पैसे जातील. ते आधी बाजूला काढा आणि मग करवतीचं बजेट ठरवा.

खरेदीची घाई नसेल तर डिसेंबरात मोशीला किसान प्रदर्शन भरतं, तिथे बऱ्याच कंपन्यांच्या करवती शेजारी-शेजारी हातात घेऊन बघता येतात. किंमत शेवटी विचारा. आधी विचारा की स्टार्टरची दोरी, चेन, बार आणि कार्बोरेटर किट मंचर, चाकण किंवा सासवडला कोणाकडे मिळेल, आणि त्या दुकानाला तिथूनच फोन लावून खात्री करून घ्या.