रेसमधून निघालेला थरोब्रेड की सारंगखेड्याचा घोडा? नाशिकमध्ये ठेवणार असाल तर

समजा तुम्हाला रपेटीसाठी घोडा घ्यायचाय, गंगापूर-त्र्यंबकच्या बाजूला थोडी जागा आहे, आणि गाडी अडलीये ती मुंबईच्या महालक्ष्मी रेसकोर्सकडचा थरोब्रेड (रेसच्या घोड्यांची जात) बघू की सारंगखेड्याच्या घोडेबाजारातला यावर. मी दोन्हीकडचे ठेवलेत म्हणून लिहितो, बाकी ज्याची त्याची आवड.

आधी एक क्लिअर करतो. महालक्ष्मीला फेब्रुवारीत डर्बीच्या, म्हणजे तिथल्या सगळ्यात मानाच्या रेसच्या सुमारास लिलाव होतो तो दोन वर्षांच्या शिंगरांचा, आणि तिथले लोक रेससाठी बोली लावतात, आपल्यासारख्यांचं तिथे काम नाही. तरी कोणी ओळखीचं असेल तर एकदा बघाच. १८८३ चा रेसकोर्स, हातात कॅटलॉग, प्रत्येक लॉटखाली आई-बाप-आजी, त्यांच्यापैकी कोणी मोठी रेस मारली असेल तर नाव ठळक अक्षरात, शिंगरू रिंगणात फिरतंय तोवर इकडे हातोडा पडलेला पण असतो. लासलगावला कांद्याचा लिलाव पाहिलेल्याला स्पीड ओळखीचा वाटेल, फक्त इथे समोरच्या मालापेक्षा त्याच्या आईकडे बघून भाव चढतो.

आपल्या वाट्याला येतो तो त्यानंतरचा घोडा. डर्बी असते चार वर्षांच्यांची, २४०० मीटर, तिथवर मोजकेच पोचतात, बाकीचे हरत राहतात नाहीतर पुढच्या पायाचा टेंडन (स्नायू हाडाला जोडणारा दोर) जातो आणि मग ट्रेनर स्वस्तात सोडतो. कागद मात्र एकदम चोख असतात, स्टड बुकात सगळी वंशावळ, कोणत्याही थरोब्रेडचा बाप-आजा करत मागे गेलात तर इंग्लंडात नेलेल्या तीन घोड्यांपैकी एकापाशी जाऊन थांबता. सारंगखेड्यात बाप कोण ते व्यापारी सांगेल तेच खरं.

सारंगखेडा म्हणजे तापीकाठी, दत्तजयंतीला, आपण धुळे-दोंडाईचावरून जायचं. पंजाब, राजस्थान, गुजरात, यूपी सगळीकडून माल येतो. वय दातावर ठरतं, भाव तुमच्या तोंडावर. लोक अंगावरचे केसांचे भोवरे बघतात, देवमण (गळ्यावरचा शुभ भोवरा) आहे का, पंचकल्याण (चारही पाय आणि कपाळ पांढरं) आहे का, आणि या नादात खाली पायाकडे कोणी बघतच नाही. मी म्हणेन भोवरे नंतर, आधी चारही खूर उचलून बघा.

पळायचं म्हणाल तर थरोब्रेडला तोड नाही, मोकळ्या रानात तो सुटला की हसूच येतं. फक्त थांबवायला लगाम ओढाल तर अजून जोर करतो, रेसमध्ये लगामावर भार टाकूनच पळायची सवय असते ना, ती मोडायला वेळ द्यावा लागतो. सारंगखेड्याला मिळणारी मारवाडी जातीची घोडी रेवाल या तिच्या सपाट चालीत निघाली की पाठीला हादरा नाही, त्र्यंबक रोडने कितीही लांब जा. इथवर माझं मत फिफ्टी-फिफ्टीच होतं.

ठरलं ते खुरांवर. थरोब्रेडच्या खुराची भिंत पातळ आणि तळ सपाट असतो. रेसकोर्सवर खाली हिरवळ, पायात हलकी ॲल्युमिनियमची नाल, नालबंद हाकेवर, त्यामुळे तिथे काही कळत नाही. आपल्याकडे जुलैत काळी माती नाल ओढून घेते, आणि नुसती नाल जात नाही, खिळ्यांपाशी खुराची कडही सोबत तुटून येते. मग पुढची नाल ठोकायला जागाच उरत नाही, खूर महिन्याला जेमतेम सेंटिमीटरभर वाढतो, तोवर साहेब तबेल्यात उभे आणि अंगात रग तशीच. त्यात नालबंद. वरातीच्या घोड्यांना नाल मारणारे आहेत, येतो म्हणतात आणि आठवड्याने उगवतात. एकाने तर मोठी नाल आणायच्या ऐवजी आणलेल्या नालेत बसेल एवढा खूरच कानशीने घासून टाकला, पुढे किती दिवस लंगडत होता. पाऊस सरला की मुरूम आणि दगड, मग तळाला मार.

सारंगखेड्याहून आणलेली कुमैत (तांबूस अंग, काळी आयाळ) घोडी याच मातीत बिननालेची फिरते, डांबरावर बरंच जायचं असेल तेव्हाच नाल. सगळ्याच अशा निघतील असं नाही, पण मला तरी आता पावसाळ्याचं टेन्शन नसतं.

उंची हवी असेल, जंपिंग करायचं असेल, वाळूचं रिंगण आणि चांगला नालबंद दोन्ही हाताशी असेल तर थरोब्रेड घ्या, मी अडवणार नाही. नाहीतर डिसेंबरपर्यंत थांबा. सारंगखेड्याला जाताना घोड्यातला जाणकार व्हेट सोबत न्या, ग्लँडर्स या घोड्यांच्या संसर्गजन्य रोगाची रक्ततपासणी झाल्याचा कागद मागा, आणि व्यापारी मऊ मातीवर नाचवून दाखवेल तेव्हा त्याला म्हणा, दादा, जरा डांबरी रस्त्यावर चालवून दाखव.