क्रॉनिक फटीग सिंड्रोमवरचे ‘खात्रीचे’ उपचार : एका फसवणुकीचा अनुभव

क्रॉनिक फटीग सिंड्रोम, म्हणजेच वैद्यकीय कागदपत्रांत एमई-सीएफएस असा उल्लेख होणारा आजार ज्यांच्या घरात आहे, त्यांच्यासाठी हा अनुभव लिहीत आहे. माझ्या धाकट्या भावाला हा आजार विषाणूजन्य तापानंतर जडला, आणि त्यावर ‘विशेष उपचार’ करणाऱ्या एका खासगी तज्ज्ञाने आमची पद्धतशीर फसवणूक केली. त्यांचे वा त्यांच्या केंद्राचे नाव येथे देत नाही, कारण तक्रार जिथे करायची तिथे ती दाखल झालेली आहे. शिवाय आम्हाला ज्या रीतीने गुंतवले गेले, ती रीत एकाच माणसापुरती नाही, असे आता अनेक रुग्णांशी बोलल्यावर माझे ठाम मत झाले आहे.

या आजारात फसवणुकीला जागा कुठून मिळते, हे आधी सांगायला हवे. सहा महिने उलटले तरी न हटणारा, विश्रांतीने न जाणारा आणि माणसाचे पूर्वीचे कामकाज मोडून टाकणारा थकवा. पुरेशी झोप होऊनही ताजेतवाने न वाटणे. आणि थोड्याशा श्रमानंतर, बहुतेकदा लगेच नव्हे तर काही तासांनी किंवा एक-दोन दिवसांनी, सगळी लक्षणे एकदम बळावणे, ही त्याची मुख्य ओळख. जोडीला विचारशक्ती व स्मरणशक्ती मंदावणे किंवा उभे राहिल्यावर त्रास होणे, यांपैकी निदान एक तरी लक्षण असते. अमेरिकेच्या इन्स्टिट्यूट ऑफ मेडिसिनने २०१५ मध्ये निदानाचे हेच निकष मांडले आणि हा शरीराच्या अनेक संस्थांना ग्रासणारा गंभीर आजार आहे, असे स्पष्टपणे नोंदवले. जागतिक आरोग्य संघटनेच्या वर्गीकरणात तर तो १९६९ पासून मज्जासंस्थेच्या आजारांमध्ये आहे. असे असूनही त्याचे पक्के निदान करणारी एकही रक्ततपासणी आज उपलब्ध नाही, आणि तो मुळापासून बरा करणारे एकही औषध नाही. त्यामुळे नेहमीच्या तपासण्या नॉर्मल येतात, डॉक्टर “रिपोर्ट चांगले आहेत, टेन्शन घेऊ नका” असे सांगून पाठवणी करतात, आणि अंथरुणाला खिळलेल्या माणसावर आळशीपणाचा शिक्का बसतो. माझ्या भावाने हे सगळे सोसले होते. आपले खरे मानणारा कोणीतरी भेटावा, एवढीच त्याची भूक उरली होती.

त्या तज्ज्ञांनी नेमकी तीच भूक ओळखली. पहिल्या भेटीत त्यांनी भरपूर वेळ दिला, मध्ये एकदाही घड्याळाकडे पाहिले नाही, आणि शेवटी माझ्याकडे वळून म्हणाले, “मॅडम, हे मनाचे खेळ नाहीत. तुमच्या भावाला शरीराचा आजार आहे, आणि इतके दिवस त्याच्यावर अन्याय झाला आहे.” भावाचे डोळे भरून आले. ते वाक्य खरेच होते, हे मला आवर्जून सांगायचे आहे. त्या पहिल्या भेटीत ते जे काही बोलले, त्यातले जवळपास सगळे वैद्यकीयदृष्ट्या बरोबर होते. खोटे नंतर आले, आणि ते या खऱ्याच्या पायावर उभे असल्यामुळे ओळखायला फार जड गेले. म्हणून सांगते, डॉक्टरांनी तुमच्यावर विश्वास ठेवला हे त्यांचा उपचार योग्य असल्याचे प्रमाण नाही. या दोन गोष्टी वेगळ्या आहेत आणि त्या वेगळ्याच तपासल्या पाहिजेत.

पहिली वसुली तपासणीच्या नावाने झाली. पेशींमध्ये ऊर्जा किती तयार होते हे मोजणारी ‘विशेष’ रक्ततपासणी करावी लागेल, ती इतर कुठेही होत नाही, आणि तिच्याशिवाय उपचार ठरवता येणार नाहीत, असे सांगण्यात आले. रक्त केंद्रातच काढले गेले. रिपोर्ट म्हणून हाती आला तो रंगीत आलेखांचा गुळगुळीत कागद, ज्यावर भावाचे आकडे लाल पट्ट्यात दाखवले होते. त्यावर तपासणी करणाऱ्या पॅथॉलॉजिस्टची सही नव्हती, वापरलेल्या पद्धतीचे नाव नव्हते, आणि निरोगी माणसांचे आकडे कोणत्या आधारावर ठरवले याचा उल्लेखही नव्हता. पुढे मी शोध घेतला तेव्हा कळले की, याच धर्तीची, बाजारात विकली जाणारी पेशी-ऊर्जेची एक चाचणी संशोधकांनी स्वतंत्रपणे पडताळून पाहिली होती आणि २०१९ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केला होता की, ती रुग्ण आणि निरोगी व्यक्ती यांच्यात फरक दाखवू शकत नाही.

हा प्रकार या आजारात नवाही नाही. २००९ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात एक्सएमआरव्ही नावाच्या, एचआयव्हीच्याच गटातल्या विषाणूचा या आजाराशी संबंध असल्याचा शोधनिबंध आला. जगभरचे रुग्ण आशेने उठून बसले, पाठोपाठ त्या विषाणूच्या चाचण्या रुग्णांना विकल्या जाऊ लागल्या, आणि काहींनी एचआयव्हीवरची औषधेही घेऊन पाहिली. तो विषाणू प्रयोगशाळेतल्या दूषित नमुन्यांतून आलेला होता, हे नंतर सिद्ध झाले, आणि २०११ च्या अखेरीस ‘सायन्स’ने तो निबंध मागे घेतला. चाचणीसाठी मोजलेले पैसे कोणाला परत मिळाल्याचे माझ्या वाचनात नाही.

रिपोर्टच्याच भेटीत पॅकेजचा विषय निघाला. दर आठवड्याला जीवनसत्त्वांचे सलाईन, केंद्रातूनच घ्यायच्या पूरक गोळ्या, आणि ‘टप्प्याटप्प्याने वाढवत न्यायचा’ व्यायाम, असे तीन भाग होते. संपूर्ण रक्कम आगाऊ भरायची, आणि ती त्याच दिवशी भरली तर सवलत. बाहेरच्या टेबलावरची मुलगी फॉर्म भरून तयारच बसली होती. भावाने घरी जाऊन विचार करतो म्हटल्यावर डॉक्टर स्वतः बाहेर आले आणि अत्यंत मृदू स्वरात म्हणाले, “उशीर केलात तर पेशी कायमच्या निकामी होतात, मग माझ्याही हातात काही राहत नाही.” या विधानाला कसलाही शास्त्रीय आधार नाही. आजारी माणसाच्या भीतीवर दाब देऊन पैसे काढण्यासाठी ते केलेले होते, आणि त्याबद्दलचा माझा संताप अजून शमलेला नाही. आधीच्या डॉक्टरांची औषधे बंद करा, त्यांना यातले काही कळत नाही, ही सूचनाही त्याच दिवशी मिळाली. आधीचे डॉक्टर बाजूला झाले की प्रश्न विचारणारे कोणी उरत नाही.

पैसे गेले, हे या प्रकरणातले सर्वांत मोठे नुकसान नाही. व्यायामाने माझ्या भावाची प्रकृती ज्या थराला गेली, ते त्याहून मोठे आहे. पॅकेज सुरू होण्यापूर्वी तो घरात फिरायचा, स्वतःची आंघोळ करायचा, संध्याकाळी थोडा वेळ बसून बोलायचा. व्यायाम वाढत गेला तसा प्रत्येक सत्रानंतर, तेही सहसा दुसऱ्या दिवशी, तो कोसळू लागला. दात घासताना बेसिनशेजारी स्टूल ठेवावे लागे. त्यावर बसून, कोपर बेसिनच्या कडेवर टेकवून तो ब्रश धरायचा आणि हात न हलवता डोके हळूहळू हलवायचा, कारण हात हलवायला लागणारे बळ त्याच्याकडे नव्हते. “ताई, आवाज कमी कर,” असे तो म्हणायचा तेव्हा मी फक्त शेजारच्या खोलीत भांडी लावत असायची. हे सगळे आम्ही केंद्रात सांगितले तेव्हा उत्तर ठरलेले होते: “त्रास वाढतोय म्हणजे उपचार लागू पडतायत. साठलेला आजार बाहेर पडतोय.” प्रकृती सुधारली तर उपचारांचे यश आणि बिघडली तरीही उपचारांचेच यश, अशी मांडणी जिथे होते, तिथे उपचार चुकल्याचे कधी सिद्धच होऊ शकत नाही.

श्रमानंतर लक्षणे बळावणे हे या आजाराचे मूळ लक्षण असताना रुग्णाला ठरावीक वेगाने व्यायाम वाढवायला लावणे धोक्याचे आहे, ही माहिती काही गुप्त नाही. ब्रिटनच्या ‘नाइस’ या वैद्यकीय मार्गदर्शक संस्थेने ऑक्टोबर २०२१ च्या सूचनांत एमई-सीएफएसच्या रुग्णांना असा ठरावीक टप्प्यांनी वाढवायचा व्यायाम देऊ नये, असे स्पष्ट सांगितले आहे. आजार बरा करण्यासाठी म्हणून कोणतेही औषध वा पूरक द्रव्य देऊ नये, असेही त्याच सूचनांत आहे. त्याऐवजी रुग्णाने आपली ऊर्जा किती आहे हे ओळखून त्या मर्यादेच्या आत दिवस आखावा, थकण्याआधी थांबावे, यावर भर आहे. त्याला पेसिंग म्हणतात. स्वतःला या आजाराचा विशेष तज्ज्ञ म्हणवणाऱ्याला हे माहीत नसेल, यावर माझा विश्वास बसत नाही.

“पण आमचे इतके रुग्ण बरे झाले,” हा त्यांचा शेवटचा बालेकिल्ला. प्रतीक्षालयातल्या पडद्यावर बऱ्या झालेल्या रुग्णांच्या चित्रफिती अखंड चालू असत. त्यांतली माणसे खोटी होती असे मी म्हणत नाही. या आजारात चढउतार असतात, चांगले आठवडे येतात, आणि ते उपचारांच्या सुमारास आले की श्रेय उपचारांना जाते. हे किती फसवे असू शकते, ते नॉर्वेतल्या डॉक्टरांनी दाखवून दिले आहे. रिटुक्सिमॅब या औषधाने या रुग्णांना गुण येतो, असे त्यांच्या २०११ मधल्या छोट्या अभ्यासात दिसले होते. त्यांनी त्यावर पॅकेज काढले नाही. १५१ रुग्णांवर मोठी चाचणी घेतली, त्यात कोणाला औषध मिळते आहे आणि कोणाला औषध नसलेले सलाईन हे रुग्णांनाही ठाऊक नव्हते आणि डॉक्टरांनाही. २०१९ मध्ये निकाल आला तेव्हा औषध मिळालेल्यांपैकी २६ टक्के रुग्णांना बरे वाटले होते, आणि औषध न मिळालेल्यांपैकी ३५ टक्क्यांना! आपलीच आशा खोटी ठरवणारा तो निकाल त्यांनी स्वतः प्रसिद्ध केला. ज्या उपचाराची अशी परीक्षा कधी झालेलीच नाही, त्याच्या चित्रफिती कितीही हृदयस्पर्शी असल्या तरी त्यांना पुराव्याचे मोल नाही.

उरलेली रक्कम परत मागितल्यावर कागदपत्रांचे खरे स्वरूप कळले. पावत्यांवर ‘उपचार’ हा शब्द कुठेच नव्हता. ‘आरोग्य मार्गदर्शन कार्यक्रम’ असे लिहिले होते. संमतिपत्रातल्या बारीक टाइपातल्या एका कलमात, कार्यक्रम मध्येच सोडल्यास रक्कम परत मिळणार नाही आणि परिणामांची कोणतीही हमी दिलेली नाही, असे छापले होते. तोंडी मात्र हमीच हमी होती. डॉक्टरांची नोंदणी ठेवणाऱ्या परिषदेकडे चौकशी केली, तेव्हा त्यांची मूळ पदवी आणि नोंदणी खरी निघाली, पण पाटीवर ज्या विषयातले तज्ज्ञ असे लिहिले होते, त्या विषयातली कोणतीही मान्यताप्राप्त पदवी नोंदलेली नव्हती. म्हणजे ‘डॉक्टर खरा आहे का’ एवढे विचारून भागत नाही. तज्ज्ञ हे बिरुद कशाच्या जोरावर लावले आहे, तेही विचारावे लागते.

यानंतर आम्ही एका जनरल फिजिशियनकडे गेलो. त्यांनी पहिल्याच भेटीत सांगितले, “हा आजार मी बरा करू शकणार नाही. पण त्याच्या आड दुसरे काही लपले आहे का ते पाहू, आणि जे कमी करता येईल ते करू.” हिमोग्लोबिन, फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा), थायरॉईड, साखर, कॅल्शियम, यकृत व मूत्रपिंड, सीलिॲक आजाराची (गव्हातले ग्लूटेन न सोसण्याची) तपासणी, अशा नेहमीच्या गोष्टी त्यांनी पाहिल्या, झोपेत श्वास अडतो का हे विचारले. मग भावाला काही वेळ आडवे पडायला लावून नाडी आणि रक्तदाब घेतला, आणि नंतर भिंतीला खांदे टेकवून दहा मिनिटे उभे केले. डॉक्टर स्वतः शेजारी उभे राहून दर मिनिटाला आकडे लिहीत होते. रक्तदाब फारसा उतरला नाही, पण नाडी मिनिटाला तीसहून अधिक ठोक्यांनी वाढली आणि तशीच राहिली. पावले निळसर दिसू लागली. याला पॉट्स म्हणतात, आणि तो या रुग्णांमध्ये बऱ्याचदा आढळतो. त्यावर द्रवपदार्थ व मीठ वाढवणे, पायांना दाब देणारे मोजे, गरज पडल्यास नाडीचा वेग कमी करणारे औषध, असे उपाय आहेत. ज्याला कोणतेही विशेष यंत्र लागत नाही अशी ही तपासणी त्या महागड्या केंद्रात एकदाही झाली नव्हती. भावाचा मूळ आजार आहे तसाच आहे. उभे राहण्याचा त्रास मात्र काही अंशी आटोक्यात आला आहे.

एखाद्या तज्ज्ञाकडे पैसे भरण्याआधी मी आता हे विचारेन, आणि उत्तर लेखी मागेन: सुचवलेली तपासणी दुसऱ्या, स्वतंत्र लॅबमध्ये होऊ शकते का? उपचाराने गुण आला नाही, हे कोणत्या लक्षणांवरून आणि किती काळाने मान्य केले जाईल? श्रमानंतर प्रकृती बिघडली तर कार्यक्रम थांबवणार का? एकेका भेटीचे पैसे वेगळे भरता येतील का? आधीच्या डॉक्टरांना पत्र पाठवणार का? ज्यांचे काम सरळ आहे त्यांना यांपैकी कोणताही प्रश्न टोचत नाही. रुग्ण स्वतः इतका थकलेला असतो की त्याच्याकडून या चौकशीची अपेक्षा करणे बरोबर नाही. ती बरोबरच्या माणसाने करावी, आणि बोलणे झाले की त्याच दिवशी तारखेसह लिहून ठेवावे.

ज्यांचे पैसे आधीच अडकले आहेत त्यांनी मूळ रिपोर्ट, पावत्या, संमतिपत्राची प्रत आणि केंद्राकडून आलेले सगळे संदेश एकत्र करून ठेवावेत, काहीही पुसू नये. आमच्या तक्रारीसोबत हेच कागद जोडले आहेत, शिवाय पॅकेजपूर्वी आणि नंतर भाऊ दिवसभरात काय करू शकत होता याची मी ठेवलेली नोंदवहीही. परिषदेने तज्ज्ञ या बिरुदाबद्दल आणि त्या सही नसलेल्या रिपोर्टबद्दल केंद्राकडून लेखी खुलासा मागवला आहे. भरलेली रक्कम परत मिळवण्यासाठीचा अर्ज वेगळा केला असून तो अजून प्रलंबित आहे.