आठ महिन्यांत तीनदा वाचलेलं 'द हॉबिट' : माझा अनुभव

आधीच सांगते, यात गोष्टीतलं बरंच काही फुटणार आहे, ड्रॅगनचं काय होतं तेही, त्यामुळे ज्यांना पुस्तक कोऱ्या मनाने वाचायचंय त्यांनी आधी वाचून घ्या.

टॉल्किनचं 'द हॉबिट' माझ्या हातात येऊन आठ महिने झाले. पहिल्यांदा एकटीने वाचलं, चार दिवसांत, नुसतं पुढे काय पुढे काय करत. दुसऱ्यांदा माझ्या दहा वर्षांच्या मुलीला रोज रात्री मोठ्याने वाचून दाखवलं, इंग्रजीतून वाचायचं आणि अडलं की मराठीत समजवायचं, त्यात अडीच महिने गेले. मग गेल्या महिन्यात परत एकदा, पण फक्त मागचा अर्धा भाग, कारण तो माझ्या डोक्यातून जातच नव्हता. पहिल्या वाचनानंतर लगेच लिहिलं असतं तर पाचपैकी तीन दिले असते. आज साडेचार देतेय, आणि मधले दीड का वाढले ते सांगायलाच हे लिहितेय.

गोष्ट तशी थोडक्यात सांगता येते. बिल्बो बॅगिन्स नावाचा एक हॉबिट, म्हणजे माणसासारखाच पण अर्ध्या उंचीचा, वय पन्नासच्या आसपास, टेकडीच्या पोटात गोल दाराचं उबदार घर, भरलेलं कोठीघर, शेजाऱ्यापाजाऱ्यांत मान, आणि मान कशाबद्दल तर आयुष्यात कधी काही वेगळं केलं नाही याबद्दल. एक दिवस गँडाल्फ नावाचा जादूगार दारात येतो आणि त्याच्या मागोमाग तेरा बुटके, म्हणजे इंग्रजीतले ड्वार्फ, घरात घुसतात. त्यांचा डोंगर आणि त्यातलं सगळं सोनं स्मॉग नावाच्या ड्रॅगनने बळकावलंय, ते परत मिळवायचंय आणि त्यासाठी त्यांना एक घरफोड्या हवाय. बिल्बोने तोवर कुणाच्या बागेतलं फळही न विचारता तोडलं नसेल. तरी दुसऱ्या दिवशी सकाळी तो धावत सुटतो, टोपी नाही, काठी नाही, खिशात रुमाल नाही. रुमाल राहिला म्हणून तो खरंच थांबायला बघतो, आणि पहिल्यांदा वाचताना मी ते गंमत म्हणून सोडून दिलं होतं. पण मुलीला वाचून दाखवताना जाणवलं की घाबरलेला माणूस अगदी असंच करतो, मोठ्या भीतीचं नाव तोंडातून निघत नाही मग रुमालासारखी बारकी गोष्ट धरून बसतो.

आणि हे बुटकेही काही शूरवीर वगैरे नाहीत हां. त्यांचा म्होरक्या थोरिन सोडला तर बाकीचे कुरकुरे, पैशाचा हिशोब पक्का ठेवणारे, अवघड काम आलं की बिल्बोकडे बघणारे. लेखक स्वतःच एका ठिकाणी सांगून टाकतो की बुटक्यांकडून फार अपेक्षा ठेवू नका, माणसं बरी आहेत पण हिरो नाहीत. मला हे फार आवडलं, कारण त्यामुळे सगळा प्रवास हा धंद्याच्या कामाला निघालेल्या, एकमेकांवर वैतागणाऱ्या लोकांचा वाटतो.

आता तीन का दिले असते ते. मी ड्रॅगन मारायची गोष्ट म्हणून पुस्तक उघडलं होतं आणि ड्रॅगन मरतो चौदाव्या प्रकरणात, एकूण प्रकरणं एकोणीस. आणि मारतो कोण, तर बार्ड. म्हणजे ज्याची आपली धड ओळखही झालेली नाही असा तळ्यावरच्या गावातला एक धनुर्धारी. बिल्बो त्या वेळी डोंगरात, त्याला पत्ताही नाही. मी अक्षरशः मागची पानं उलटून बघितली की माझंच काही वाचायचं राहिलं का. त्यानंतर उरलेली पाच प्रकरणं सोन्याच्या वाटणीवरून भांडणं, वेढा, लढाई, आणि ऐन लढाईत बिल्बोच्या डोक्यात दगड बसून तो बेशुद्ध. पुस्तक मिटलं तेव्हा माझी खरंच निराशा झाली होती.

मग मुलीबरोबर वाचताना आम्ही बाराव्या प्रकरणापर्यंत आलो. बिल्बो एकटा बोगद्यातून खाली चाललाय. बुटके वर दाराशीच राहिलेत, फक्त म्हातारा बालिन थोडं अंतर सोबत येतो. पुढे लालसर उजेड दिसायला लागतो, उष्णता वाढते, आणि मग घरघर ऐकू येते, झोपलेल्या अवाढव्य जनावराची. बिल्बो थांबतो. आणि इथे लेखक म्हणतो की इथून पुढे टाकलेलं पाऊल हीच त्याने आयुष्यात केलेली सगळ्यात धाडसी गोष्ट, खरी लढाई तो त्या बोगद्यात एकट्याने लढला, ड्रॅगन डोळ्यांनी बघायच्याही आधी. मी हे दोन-तीन ओळींचं वाक्य पहिल्यांदा वाचून पुढे गेले होते, मला आठवतही नव्हतं. मुलीने थांबवलं. म्हणाली, आई परत वाच. परत वाचलं. मग म्हणाली, म्हणजे ड्रॅगनला मारणं त्याच्यानंतरचं काम आहे, ते कुणीही करू शकतं.

कुणीही नाही करू शकत अर्थात, पण तिचा मुद्दा मला पटला आणि तिथून पुस्तक माझ्यासाठी बदललं.

त्यानंतर मी टॉल्किनबद्दल थोडं वाचलं. तो ऑक्सफर्डला जुन्या इंग्रजी भाषेचा प्राध्यापक होता, उत्तरपत्रिका तपासताना एका मुलाने कोरं सोडलेलं पान सापडलं आणि त्यावर त्याने या पुस्तकाचं पहिलं वाक्य लिहिलं, हे बऱ्याच जणांना माहीत असेल. पण माझ्या मनात बसली ती दुसरी गोष्ट. 'बेओवुल्फ' या जुन्या इंग्रजी काव्यावर त्याने 1936 मध्ये गाजलेलं व्याख्यान दिलं होतं. त्या काव्यात शेवटी एक ड्रॅगन आहे, कुणीतरी चोर त्याच्या गुहेतून एक पेला उचलतो, ड्रॅगन चवताळून मुलूख जाळत सुटतो आणि म्हातारा राजा त्याच्याशी लढतो, ड्रॅगनही मरतो आणि राजाही. त्या चोराला काव्यात नावसुद्धा नाही. आणि बिल्बो पहिल्यांदा स्मॉगच्या ढिगाऱ्यातून काय उचलतो, तर दोन कानांचा एक पेला! म्हणजे सगळं लक्ष राजाकडे असताना या माणसाच्या मनात तो कोपऱ्यातला बिननावाचा चोर राहिला असणार असं मला वाटतं, आणि व्याख्यानानंतर वर्षभरात, 21 सप्टेंबर 1937 ला, त्याच्यासारखाच एक चोर मधोमध उभा करून पुस्तक बाजारात आलं. हे कळल्यावर ड्रॅगन दुसऱ्याने मारला याचं मला अजिबात वाईट वाटेनासं झालं.

स्मॉगशी बिल्बोचं बोलणं हा तर मी पाच-सहा वेळा वाचलेला भाग आहे. बिल्बोच्या बोटात अदृश्य करणारी अंगठी आहे, ड्रॅगनला तो दिसत नाही पण वास येतोय. नाव सांगायचं नाही म्हणून बिल्बो स्वतःबद्दल कोड्यात बोलतो, मी अमका, मी तमका, आणि हळूहळू त्याला स्वतःच्याच बोलण्याची चढत जाते. त्या भरात तो बोलून जातो की मी पिंपावर बसून आलेला. झालं. पिंपांचा व्यापार तळ्यावरच्या गावाचा, त्यामुळे पिंपं म्हटल्यावर स्मॉग ताडतो की याला तळ्यावरच्या लोकांची मदत आहे, आणि पुढे जाऊन तेच गाव पेटवतो. एका फुशारकीची किंमत अख्ख्या गावाने मोजली. आणि त्याच भेटीत बिल्बो त्याची इतकी स्तुती करतो की स्मॉग लोळून आपलं रत्नजडित पोट दाखवतो आणि डाव्या छातीवरची उघडी जागा बिल्बोच्या नजरेत भरते. बाहेर येऊन तो हे बुटक्यांना सांगतो, शेजारी दगडावर एक म्हातारा थ्रश पक्षी बसून ऐकत असतो, तो जाऊन बार्डच्या कानात सांगतो आणि बार्डचा शेवटचा काळा बाण बरोबर तिथे लागतो. म्हणजे गाव जळण्याचं कारणही बिल्बो आणि ड्रॅगन मरण्याचं कारणही बिल्बोच, आणि ही दोन्ही बीजं एकाच गप्पांमध्ये पडतात. पहिल्या वाचनात मला हे कसं दिसलं नाही कळत नाही.

स्मॉगची हुशारीही बघा. तो आग ओकायच्या आधी मनात विष ओततो. बिल्बोला विचारतो, तुझा चौदावा हिस्सा ना, मग तो इथून नेणार कसा? गाडीभाडं, पहारेकरी, वाटेतले कर, याचा काही विचार? आणि बिल्बो गप्प होतो, कारण खरंच कुणी विचार केलेला नाही. बुटके मला फसवत तर नाहीत ना, अशी शंका तिथे शिरते. अंगावर काटा येतो वाचताना.

मागची पाच प्रकरणं मला कंटाळवाणी वाटली होती ना, तीच आता सगळ्यात जवळची झालीत. ड्रॅगन मेला तरी त्याची हाव डोंगरातच राहते आणि थोरिनला चिकटते. गाव जळालेल्या लोकांना तो छदामही द्यायला तयार नाही. बिल्बोने आर्कनस्टोन हा थोरिनच्या घराण्याचा हिरा गुपचूप खिशात घातलेला असतो, तो रात्री जाऊन शत्रूच्या तळावर देऊन टाकतो, की हा घ्या आणि याच्या बदल्यात वाटाघाटी करा, लढू नका. मुलीने इथे मला सरळ विचारलं, ही चोरी की चांगलं काम? आम्ही त्या रात्री पुढे वाचलंच नाही, त्यावरच बोलत बसलो. ते लोक त्याला म्हणतात इथेच राहा, परत गेलास तर थोरिन सोडणार नाही. पण बिल्बो परत जातो, कारण बाँबूर या बुटक्याच्या जागी तो पहाऱ्याला उभा होता आणि मध्यरात्री त्याला उठवायचं कबूल केलं होतं. जातो, उठवतो आणि झोपतो. मला यापेक्षा मोठा हिरो नको.

आता खटकणाऱ्या गोष्टी. तेरा बुटके लक्षात राहत नाहीत. बहुतेक नावं लेखकाने एका प्राचीन नॉर्स (स्कँडिनेव्हियन) काव्यातल्या यादीतून घेतलीत, गँडाल्फ हे नावही तिथलंच, पण ओरी, नोरी, डोरी यांच्यात फरक काय हे मला तिसऱ्यांदा वाचूनही सांगता येणार नाही. गरुड दोनदा येऊन वाचवतात, दुसऱ्यांदा ते जरा सोपं वाटतं. अख्ख्या पुस्तकात नाव घेऊन उल्लेख झालेली बाई एकच, बिल्बोची आई, आणि तीही गोष्टीत येत नाही. मुलीच्या हे माझ्याआधी लक्षात आलं आणि ती नाराज झाली, तिची नाराजी रास्त आहे. सुरुवातीच्या प्रकरणांत लेखक लहान मुलांशी बोलतोय असा सूर लागतो, मोठ्यांना तो टोचू शकतो, पुढे कमी होतो.

माझ्या हातातल्या आवृत्तीबद्दल : बाइंडिंग तिसऱ्या महिन्यात सुटलं, चिकटपट्टी लावून चालवतेय. नकाशा दोन पानांवर पसरून छापलाय त्यामुळे मधली अक्षरं शिवणीत गेलीत, आणि हे फार वाईट, कारण थोरिनच्या आजोबांचा, थ्रोरचा, हा नकाशा नुसतं चित्र नाही, त्यावर रून या जुन्या लिपीत मजकूर आहे आणि पूर्व दिशा वर आहे. आम्ही एक रविवार खर्चून ती अक्षरं एकेक करून लावली. डोंगराचं गुप्त दार पाच फूट उंच आणि तिघं शेजारी-शेजारी चालतील एवढं रुंद, हे स्वतः उलगडून वाचल्यावर पोरीचा चेहरा बघण्यासारखा होता. घेताना नकाशा नीट छापलाय का तेवढं उघडून बघा.

वय किती हवं? प्रकाशकाने हे हस्तलिखित आपल्या दहा वर्षांच्या मुलाला, रेनर अनविनला, वाचायला दिलं होतं, त्याने एक शिलिंग घेऊन अभिप्राय लिहिला की पाच ते नऊ वर्षांच्या मुलांना आवडेल. माझं मत, मोठ्याने वाचून दाखवणार असाल तर आठपासून चालेल, एकट्याने इंग्रजीतून वाचायला बारा तरी हवं. जाळी विणणाऱ्या अवाढव्य कोळ्यांचं प्रकरण झोपायच्या आधी वाचू नका. गॉलम या अंधारात राहणाऱ्या विचित्र प्राण्याशी बिल्बो कोडी खेळतो ते प्रकरण मात्र नक्की मोठ्याने वाचा आणि उत्तर सांगायच्या आधी थांबा.

आणखी एक. दोन महिन्यांपूर्वी मुलीला शाळेत स्टेजवर बोलायचं होतं, पडद्यामागे मी तिच्याबरोबर उभी होते, हात गार पडलेले तिचे. मला म्हणाली, मी आत्ता बोगद्यात आहे. मी काही बोलले नाही, बालिनसारखी थोडं अंतर सोबत गेले आणि थांबले. ती पुढे गेली.

सध्या ती स्वतःच परत वाचतेय, नवव्या प्रकरणावर आहे, आणि मी वाचताना गाळलेली गाणी तिने शोधून काढलीत, रोज एक मला म्हणून दाखवते.