सतरावा शब्द: बीटीसीरिकव्हर ही हरवलेले शब्द शोधणारी आज्ञावली सात महिने वापरल्यानंतरचा अनुभव

बिटकॉइनच्या गुप्त किल्ल्या सांभाळणारे हार्डवेअर वॉलेट हे उपकरण काय असते, ते बिघडल्यास सगळे परत मिळवून देणारे त्याचे चोवीस शब्द कशासाठी असतात आणि त्यांचा फोटो फोनमध्ये का ठेवू नये, हे वाचकांना ठाऊक आहे असे गृहीत धरतो. माझे उपकरण साडेतीन वर्षे बिनतक्रार चालले आणि एका सकाळी त्याचा पडदा काळाच राहिला. केबल बदलून पाहिली, संगणक बदलून पाहिला. उपकरण जोडल्याचे संगणकाला कळत होते, बटणेही दाबली जात होती, दिसत मात्र काहीच नव्हते. अंदाजाने पिन टाकून पाहण्याचा मोह झाला, परंतु या उपकरणात पिनचा प्रत्येक अंक निवडताना सुरुवात कोणत्या अंकापासून होईल हे दर वेळी बदलते आणि तिसऱ्या चुकीनंतर आतले सर्व काही पुसले जाते, म्हणून तो आवरला. सेवा विभागाशी सहा पत्रांची देवाणघेवाण झाली. हमीची मुदत संपलेली आहे, तरी रिकव्हरी फ्रेज, म्हणजे तेच चोवीस शब्द, वापरून नवीन उपकरणावर वॉलेट पुन्हा उभे करावे, असे सहाव्या पत्रात लिहिले होते. एवढे सांगायला सहा पत्रे का लागली हे कळले नाही, तरी सल्ला बरोबरच होता. मी ड्रॉवरमधून ते शब्द लिहून ठेवलेले कार्ड काढले, तर सतराव्या घरात निळसर डाग होता आणि शब्द नव्हता.

या कार्डाबद्दल मला सविस्तर लिहायचे आहे, कारण इतर कोणी लिहीत नाही. उपकरणाच्या चिपबद्दल, तिच्या सुरक्षा प्रमाणपत्रांबद्दल पानेच्या पाने वाचायला मिळतात; ज्या वस्तूवर शेवटी सगळे अवलंबून असते ती मात्र खोक्यात एका पुठ्ठ्याच्या तुकड्याच्या रूपाने येते. माझ्या कार्डाला दोन्ही बाजूंनी चकचकीत लेप होता. त्यावर जेल पेनाची शाई मुरत नाही, ती लेपावर नुसती बसून राहते. लिहिण्याची घरे जेमतेम चार मिलिमीटर उंच, म्हणजे एखाद्या अक्षराची शेपटी खाली आली की ती घराच्या रेघेवरच पडणार. शिवाय घरे गडद राखाडी, त्यामुळे निळी शाई त्यांवर आधीच फिकी. एवढ्या महाग उपकरणाबरोबर साधा, शाई शोषणारा कागद देणे परवडत नाही, यावर माझा विश्वास नाही.

आता हिशेबाकडे वळतो. हे शब्द २०१३ मध्ये मांडल्या गेलेल्या बीआयपी-३९ या मानकातील २०४८ शब्दांच्या यादीतून येतात. प्रत्येक शब्द म्हणजे ११ बिट. चोवीस शब्दांचे २६४ बिट होतात, त्यांतील २५६ यादृच्छिक असतात आणि उरलेले ८ चेकसमचे, म्हणजे बाकीचे बिट बरोबर आहेत का हे ताडण्यासाठीचे. त्यामुळे एकच शब्द गहाळ असेल आणि त्याची जागा माहीत असेल, तर २०४८ पर्यायांपैकी सरासरी आठच चेकसमच्या कसोटीला उतरतात. बारा शब्दांच्या फ्रेजमध्ये चेकसम फक्त ४ बिटांचा असल्याने असे सुमारे १२८ पर्याय उरतात. म्हणजे लांब फ्रेज लिहिण्याचा कंटाळा करणाऱ्याला गहाळ शब्द शोधताना अधिक चाळावे लागते, ही गंमत मला या प्रकरणातच उमगली. शब्द सगळे आहेत पण क्रम विसरला आहे, अशा वेळी चित्र उलटे होते. बारा शब्दांचे क्रम ४७,९०,०१,६०० होतात, ते संगणकाला चाळता येतात. चोवीस शब्दांचे क्रम चाळण्याचा विचारच सोडून द्यावा. आणि फ्रेज पूर्ण हरवली असेल, तर कोणतेही सॉफ्टवेअर उपयोगाचे नाही. अशा वाचकाचे उपकरण अजून पिनने उघडत असेल, तर त्याने नवीन वॉलेट तयार करून शिल्लक आजच तिकडे हलवावी; बहुतेक उपकरणे जुनी फ्रेज पुन्हा दाखवत नाहीत.

काम बाहेर देण्याचाही विचार केला. एका सेवेने यश आल्यास शिलकीचा पाचवा हिस्सा मागितला. एका शब्दासाठी पाचवा हिस्सा देण्याइतका मी उदार नाही. दुसऱ्या एका गृहस्थांनी आधी शुल्क आणि सोबत उरलेले तेवीस शब्द मागितले. त्यांना उत्तर दिले नाही. मग बीटीसीरिकव्हर या मुक्त आज्ञावलीकडे वळलो. ती पायथनमध्ये लिहिलेली आहे, फुकट आहे आणि इंटरनेटच्या जाळ्याशी संबंध नसलेल्या संगणकावर चालते. एका जुन्या लॅपटॉपमधील वायफायचे कार्ड काढून टाकले, पेन ड्राइव्हवरून लिनक्स सुरू केले आणि कामाला लागलो. तिला लागणारे पूरक आज्ञासंच (लायब्ररी) ऑफलाइन बसवण्यात दोन सुट्ट्या गेल्या. ही आज्ञावली सवडीने शिकणाऱ्यासाठी आहे. घाबरलेल्या माणसासाठी ती नाही, आणि नेमकी तिची गरज घाबरलेल्या माणसालाच पडते.

शोध बरोबर दिशेने चालला आहे हे ठरवण्यासाठी तिला वॉलेटचा पैसे स्वीकारण्याचा एखादा पत्ता किंवा असे पत्ते जिच्यावरून काढता येतात ती एक्सपब ही सार्वजनिक किल्ली द्यावी लागते. माझ्याजवळ एका जुन्या व्यवहारातला 'बीसी१क्यू'ने सुरू होणारा पत्ता होता, त्यावरून बीआयपी-८४ या मानकाचा डेरिव्हेशन पाथ, म्हणजे फ्रेजपासून पत्त्यांपर्यंत जाण्याचा ठरावीक मार्ग, निश्चित झाला. पहिल्या फेरीत चेकसमला उतरणारे नऊ पर्याय निघाले आणि नऊच्या नऊ नापास झाले. चूक माझीच असल्याचे बऱ्याच दिवसांनी लक्षात आले: प्रत्येक फ्रेजमधून किती पत्ते काढून पाहायचे, या प्रश्नाला मी 'एक' असे उत्तर दिले होते, आणि हातातला पत्ता तर वॉलेटने दिलेला कितीतरी नंतरचा होता. वॉलेट दर वेळी नवा पत्ता देते हे माहीत असूनही ही चूक झाली. मर्यादा वाढवून वीस केली आणि नऊ पर्याय पुन्हा तपासले. पुन्हा नापास.

इथपर्यंतचा मजकूर मी चौथ्या महिन्यात लिहून ठेवला होता आणि आज्ञावलीला पाचपैकी दोन तारे दिले होते. सूचना विस्कळीत आहेत, उदाहरणे भरपूर असली तरी आपल्या अडचणीचे उदाहरण तेवढे सापडत नाही, आणि कार्ड बनवणाऱ्याला शून्य, असे माझे मत झाले होते. पहिला भाग आता मागे घेतो.

सतरावा शब्द दिसत नव्हता, त्यामुळे माझे सारे लक्ष त्याच्यावर होते. उरलेले तेवीस शब्द मला स्वच्छ वाचता येत होते आणि ते बरोबर आहेत का, हा प्रश्न माझ्या मनातही आला नव्हता. आज्ञावलीत मात्र त्याची सोय पहिल्यापासून होती: गहाळ शब्दाखेरीज आणखी एक शब्द कुठेतरी चुकलेला आहे, असे धरून ती शोध घेऊ शकते. तसे केल्यास तेवीस जागा, प्रत्येक जागी २०४७ बदल आणि सतराव्या घराचे २०४८ पर्याय, मिळून ९,६४,२१,८८८ जोड्या होतात. चेकसम त्यांतल्या पावणेचार लाखांच्या आसपास शिल्लक ठेवतो. उरलेल्या प्रत्येक जोडीसाठी एचमॅक-एसएचए५१२ या गणिती क्रियेची २०४८ आवर्तने करून मूळ बीज काढायचे आणि मग त्यापासून वीस पत्ते. जुन्या लॅपटॉपवर रात्री हे काम लावून झोपलो. सकाळी पंखा शांत होता आणि पडद्यावर चोवीस शब्द होते.

सतरावा शब्द 'लाइट' निघाला. चुकलेला शब्द सहावा होता. मी 'वाइन' (wine) वाचत होतो, तो प्रत्यक्षात 'विंग' (wing) होता. ती फ्रेज आता रिकामी आहे, म्हणून हे शब्द मोकळेपणाने लिहितो. भिंगाखाली पाहिल्यावर उलगडा झाला: शेवटच्या 'जी'ची शेपटी घराच्या रेघेवर पडली होती आणि रेघेबरोबर अंगठ्याने पुसली गेली होती. वर उरलेला गोल माझ्या डोळ्यांनी 'ई' म्हणून वाचला, कारण यादीत 'वाइन' आहे आणि शब्द ओळखीचा वाटला की मनुष्य अक्षरे तपासत नाही. पहिल्या चार अक्षरांवरून यादीतला प्रत्येक शब्द ओळखता येतो, असे मानकाच्या कौतुकात सांगितले जाते, आणि ते खरेही आहे. परंतु 'वाइन', 'विंग' आणि 'विंक' हे तिन्ही शब्द मुळात चारच इंग्रजी अक्षरांचे आहेत आणि त्यांच्यातला फरक फक्त शेवटच्या अक्षरात आहे, त्यामुळे तेवढे एक अक्षर बिघडले की सावरायला पुढे काहीच उरत नाही. स्पष्ट पुसलेला शब्द मला आठ-नऊ पर्यायांत पडला असता. खात्रीने चुकीच्या वाचलेल्या शब्दाने चार महिने आणि साडेनऊ कोटींची चाळण घेतली.

तेव्हा आज्ञावलीला आता चार तारे. पाचवा राखून ठेवतो, कारण सर्व पर्याय नापास झाल्यावर ती फक्त शोध संपल्याचे सांगते. पत्त्यांची मर्यादा अपुरी होती का, डेरिव्हेशन पाथ वेगळा असेल का, फ्रेजवर पासफ्रेज, म्हणजे शब्दांखेरीजचा जादा गुप्त संकेत, लावला होता का, असे प्रश्न तिने त्या क्षणी उलट विचारले असते तर माझे कित्येक आठवडे वाचले असते. शिल्लक हलवल्यानंतरच्या तीन महिन्यांत मी ती आणखी दोनदा चालवली, तीही मुद्दाम: नव्या वॉलेटच्या फ्रेजमधले दोन शब्द लपवून, त्याच जाळेविरहित लॅपटॉपवर. जागा माहीत असलेल्या दोन शब्दांचे ४१,९४,३०४ पर्याय होतात आणि चेकसमनंतर त्यांतले सोळा हजारांच्या घरात उरतात. दोन्ही वेळा शब्द सापडले.

नवीन उपकरण वेगळ्या कंपनीचे घेतले. फ्रेज आता पोलादी पट्टीवर मोठ्या लिपीतील (कॅपिटल) अक्षरांत ठोकलेली आहे. त्या लिपीत 'जी'ला शेपटी नसते. त्याच्याही खोक्यात पुठ्ठ्याचे कार्ड निघाले आणि तेही चकचकीत. त्याच्या पहिल्या घरात जेल पेनाने, दुसऱ्यात बॉलपेनाने आणि तिसऱ्यात शिसपेन्सिलीने 'विंग' लिहिले, रात्रभर तसेच ठेवले आणि सकाळी तिन्हींवरून ओला अंगठा फिरवला. पहिल्या घरात पुन्हा 'वाइन' झाले.