वरची कव्हरे अस्सल, आतले इंजिन नकली : ‘090’ चेनसॉच्या खरेदीतील फसवणूक

जुने चेनसॉ (इंजिनवर चालणारे, फिरत्या साखळीने लाकूड कापणारे करवत) विकत घ्यायचे, खोलून दुरुस्त करायचे आणि मग मनसोक्त चालवायचे, अशी हौस असणाऱ्यांना, विशेषतः जर्मन कंपनी स्टिलच्या 070 किंवा 090 या मॉडेलच्या शोधात असणाऱ्यांना, सावध करण्यासाठी हा अनुभव लिहीत आहे. विक्रेत्याचे नाव येथे देत नाही. त्याने वापरलेली युक्ती मात्र तपशिलाने सांगतो, कारण ती त्याच्या एकट्याची नसावी.

मी अमेरिकेत मिशिगनमध्ये राहतो. ‘एमराल्ड ॲश बोरर’ हा आशियातून आलेला किडा 2002 साली डेट्रॉइटच्या परिसरात प्रथम आढळला आणि पुढे त्याने या भागातील ॲश जातीची झाडे उभ्या उभ्या वाळवली. त्यामुळे येथे चांगले जाडजूड ओंडके बऱ्याचदा फुकट मिळतात, आणि चेनसॉला ‘अलास्कन मिल’ची चौकट जोडून त्यांच्या लांब फळ्या पाडणारे माझ्यासारखे हौशी लोकही बरेच आहेत. लाकूड आडवे तोडण्यापेक्षा ते लांबीच्या दिशेने चिरताना इंजिनवर कितीतरी अधिक ताण येतो, म्हणून या कामासाठी 137 सीसीच्या 090 ची आजही मागणी आहे. बार (साखळी जिच्याभोवती फिरते ती लांब पट्टी) आणि साखळी सोडूनही भरपूर वजन, साखळीला ब्रेक नाही, हादरे थेट मनगटात. सुरक्षिततेच्या दृष्टीने हे यंत्र आज कोणी नव्याने बाजारात आणणार नाही, पण त्याची ताकद एकदा अनुभवली की माणूस त्याच्या नादी लागतो, हेही खरे आहे.

फसवणुकीचे मूळ या दोन मॉडेलांच्या घडणीत आहे. 1959 साली स्टिलने आणलेल्या ‘कॉन्ट्रा’च्या घराण्यातली ही दोन्ही यंत्रे दिसायला जवळजवळ सारखी. दोन्हींच्या पिस्टनची धाव (सिलिंडरमध्ये वर-खाली सरकण्याचे अंतर) 40 मिलिमीटर. फरक सिलिंडरच्या व्यासाचा. 070 चा व्यास 58 मिलिमीटर, म्हणजे सुमारे 106 सीसी, तर 090 चा 66 मिलिमीटर, म्हणजे 137 सीसी. त्यात या यंत्रांचा जवळजवळ प्रत्येक भाग चीनमध्ये नक्कल करून विकला जातो. दुरुस्ती करणाऱ्याला ही मोठी सोय आहे, पण लबाडालाही तितकीच आहे.

विक्रेत्याने जाहिरातीत ‘पश्चिम जर्मनीत बनलेले, मूळ सिलिंडर-पिस्टनसह जीर्णोद्धार केलेले 090’ असे स्वच्छ लिहिले होते. छायाचित्रांत झिजलेला रंग, हँडलवरचे जुने ओरखडे आणि स्टार्टरच्या कव्हरवरची मूळ पट्टी दिसत होती, आणि ते सारे खरेच अस्सल होते. चलच्चित्रात दोन झटक्यांत इंजिन सुरू झाले. त्याने 1,100 डॉलर सांगितले आणि लगेच शंभर कमीही केले, पण रक्कम ऑनलाइन पैसे पाठवण्याच्या सेवेतील ‘मित्र आणि नातेवाईक’ या पर्यायानेच पाठवावी, म्हणजे शुल्क वाचेल, असा आग्रह धरला. व्यवहार तसा झाला.

यंत्र आल्यावर बिनभाराचे ठीक चालले. ॲशच्या ओंडक्याला लावताच मात्र ते दबू लागले, आणि तापल्यावर बंद पडले की निवेपर्यंत दोरी कितीही ओढली तरी दाद देईना. म्हणून मफलर (धूर बाहेर सोडणारा, आवाज दाबणारा डबा) काढला. एक्झॉस्टच्या छिद्राच्या कडा ओबडधोबड होत्या, आणि ‘मूळ’ म्हणवलेल्या पिस्टनवर उभे ओरखडे उठलेले होते. नंतर साखळीच्या बाजूचे कव्हर उघडले. लाकडात वर्षानुवर्षे राबलेल्या चेनसॉच्या सांदीकोपऱ्यांत साखळीचे तेल आणि भुसा मिळून डांबरासारखा थर बसतो आणि तो खरवडल्याशिवाय निघत नाही. येथे कव्हराच्या आतल्या बाजूस तो थर जाड बसलेला होता. त्याला टेकलेल्या क्रँककेसच्या (इंजिनच्या खालच्या कवचाच्या) धातूवर त्याचा मागमूसही नव्हता. दोन्ही भाग एकाच यंत्रात झिजले असते, तर असे होणे शक्य नव्हते. सिलिंडर उतरवून कॅलिपर (व्यास मोजण्याचे साधन) लावला तेव्हा व्यास 58 मिलिमीटर भरला. म्हणजे 137 सीसीच्या अस्सल यंत्राचे पैसे घेऊन त्याने 106 सीसीची नक्कल जुन्या कव्हरांत बसवून दिली होती. वरून कीर्तन, आतून तमाशा!

मापांची छायाचित्रे पाठवल्यावर विक्रेत्याने प्रथम ‘जुनी यंत्रे अशीच असतात’ असे कळवले, मग ‘आहे त्या स्थितीत विकले होते’ हे पालुपद लावले, आणि नंतर उत्तर देणेच बंद केले.

असे यंत्र घेणाऱ्याने विक्रेत्याकडे सर्वांत आधी मफलर काढून घेतलेले पिस्टनचे छायाचित्र मागावे. हे काम साध्या पान्याने काही मिनिटांत होते. त्याला टाळाटाळ करणाऱ्याशी बोलणे पुढे नेऊ नये. यंत्र 090 म्हणून विकले जात असेल तर सिलिंडरचा व्यास मोजून दाखवायला सांगावे. स्पार्क प्लगच्या छिद्रातून काडी घालून पिस्टनची धाव मोजण्याची युक्ती येथे निरुपयोगी आहे, कारण ती दोन्हींत सारखीच आहे. अस्सल सिलिंडरवर सहसा माले किंवा कोल्बेनश्मिट या जर्मन उत्पादकांची खूण असते, पण नकली मालावरही खुणा उमटवता येतात, म्हणून तेवढ्यावर विसंबू नये. कॉम्प्रेशनचा (सिलिंडरमध्ये तयार होणाऱ्या दाबाचा) आकडा कोणी पुढे केला तर मोजणी समोर करायला लावावी. सिलिंडरमध्ये आधी थोडे तेल सोडले की झिजलेले इंजिनही काट्यावर तरुण दिसते. चलच्चित्र पाठवायला सांगायचेच असेल तर तापलेले इंजिन बंद करून पुन्हा सुरू केल्याचे सांगावे, कारण थंड इंजिन दोन झटक्यांत सुरू होणे यात फारसे काही सिद्ध होत नाही.

पैशांच्या बाबतीत, ‘मित्र आणि नातेवाईक’ या पर्यायात वाचणारे शुल्क खरेतर विक्रेत्याचे असते आणि जाते ते ग्राहकाचे संरक्षण. माझा परताव्याचा अर्ज याच कारणाने फेटाळला गेला. यंत्र टपालाने आले असल्यामुळे मी अमेरिकेच्या टपाल निरीक्षण सेवेकडे टपालामार्फत फसवणुकीची तक्रार केली आहे, आणि एफबीआयच्या इंटरनेट गुन्ह्यांच्या तक्रार केंद्रातही तिची नोंद केली आहे. जाहिरातीची प्रत, सगळा पत्रव्यवहार आणि कॅलिपरसह काढलेली छायाचित्रे दोन्हीकडे जोडली आहेत. तक्रारीचा निकाल लागेपर्यंत ते यंत्र खोललेल्या स्थितीतच ठेवणार आहे.