सी लिंकवरून परत फिरता येत नाही: डेंग्यूनंतरची मुंबई अर्धमॅरेथॉन

१९ जानेवारी २०२५ रोजी झालेल्या टाटा मुंबई मॅरेथॉनमधील अर्धमॅरेथॉन मी डेंग्यूचा ताप उतरल्यानंतर अकराव्या आठवड्यात धावले. त्यामुळे हे परीक्षण तंदुरुस्त धावपटूपेक्षा आजारातून सावरणाऱ्या माणसाच्या अधिक उपयोगाचे आहे. अशा माणसाने कोणतीही शर्यत एकाच कसोटीवर पारखावी असे माझे मत झाले आहे: वाटेत थांबावे लागले तर किती सहज थांबता येते आणि तेथून घरी कसे पोहोचता येते.

आधी प्रकृतीविषयी. ऑक्टोबरच्या अखेरीस ताप आला, प्लेटलेट ४२,००० पर्यंत उतरल्या आणि दिवाळीचा फराळ मी रुग्णालयाच्या खाटेवरूनच पाहिला. पपईच्या पानांचा रस, बकरीचे दूध, किवी असे सर्व सल्ले नातेवाइकांनी मनापासून दिले. डॉक्टरांनी मात्र भरपूर द्रवपदार्थ, विश्रांती आणि तापासाठी केवळ पॅरासिटामॉल एवढेच सांगितले, कारण अ‍ॅस्पिरिन आणि आयबुप्रोफेन या गोळ्यांनी डेंग्यूत रक्तस्रावाचा धोका वाढतो. प्लेटलेट आठवड्याभरात पूर्ववत झाल्या, थकवा मात्र गेला नाही. विश्रांतीच्या वेळी मिनिटाला ५८ पडणारे नाडीचे ठोके महिनाभर ७२ च्या खाली आले नाहीत, आणि जिन्याचे दोन मजले चढताना धाप लागत असतानाच मनगटावरचे घड्याळ मला ‘सरावासाठी सज्ज’ ठरवून मोकळे झाले होते. त्या घड्याळावर मी तेव्हापासून वेळेखेरीज कशासाठीही विसंबत नाही. डिसेंबरमध्ये रक्ततपासणी आणि ईसीजी झाल्यावर डॉक्टरांनी परवानगी दिली ती तीन अटींवर: चार मिनिटे धावणे आणि एक मिनिट चालणे, छातीत दुखले किंवा धडधडले तर तत्काळ थांबणे, आणि वेदनाशामक गोळी घेऊन न धावणे.

२००४ पासून ही शर्यत बहुतेक वर्षी जानेवारीच्या तिसऱ्या रविवारी होते, म्हणजे मुंबईत ज्याला थंडी म्हणतात त्या दिवसांत. पुण्या-नाशिकच्या माणसाला त्या थंडीचे हसू येईल. पहाटे हवा सुखद असते हे खरे, परंतु आर्द्रता इतकी असते की तिसऱ्या किलोमीटरलाच बनियन भिजते; आजाराने शरीरातील पाण्याचे गणित बिघडलेल्या माणसाने कॅलेंडरवरील हिवाळ्यावर विश्वास ठेवू नये. डोंबिवलीहून माहीमला पहाटे पाचपूर्वी पोहोचण्याची चिंता मात्र करावी लागत नाही, कारण त्या दिवशी मध्य आणि पश्चिम रेल्वे धावपटूंसाठी विशेष लोकल सोडतात. पहाटे तीनच्या सुमारास लोकलचा सगळा डबा छातीवर बिब (धावपटूचा क्रमांक छापलेला कागद) लावून, केळी सोलत बसलेला पाहणे हा एक वेगळाच प्रकार आहे.

अर्धमॅरेथॉन माहीमच्या रेतीबंदरापासून सुरू होते, आणि माझ्या कसोटीवर तिचा सर्वांत अवघड भाग सुरुवातीलाच येतो. तो म्हणजे वांद्रे-वरळी सागरी सेतू, अर्थात सी लिंक. २००९ मध्ये खुला झालेल्या या ५.६ किलोमीटरच्या पुलावर एरवी पादचाऱ्यांना प्रवेश नाही, त्यामुळे तेथे पायी जाण्याचे अप्रूप मोठे आहे. तेथे प्रेक्षक नसतात, ढोल-ताशे नसतात; अंधारात तारांवरचे दिवे, खाली काळे पाणी आणि हजारो बुटांचा पावसासारखा आवाज एवढेच असते. तंदुरुस्त वर्षांत मी हा भाग डोळे भरून पाहत धावले होते. या वर्षी मात्र टोलनाक्यापाशी कडेला उभी राहून, पुढे जावे की नाही याचा विचार करत होते, कारण एकदा पुलावर चढले की वरळी येईपर्यंत बाहेर पडण्याची वाट नाही. रुग्णवाहिका असते, परंतु रुग्णवाहिकेची गरज पडेपर्यंत धावणे हे नियोजन नव्हे. माझी परीक्षा साधी होती: चालता चालता एकोणतीसचा पाढा न अडखळता म्हणता आला तर पुढे जायचे, नाही तर वांद्र्याहूनच परत फिरायचे. पाढा आला. (दोनशे बत्तीसला अडखळले, पण ते शाळेपासूनच आहे.)

वरळी उतरल्यावर या मार्गाचा स्वभाव पालटतो. हाजी अलीपासून महालक्ष्मी स्थानक चालत गाठता येते, आणि गिरगाव चौपाटीपासून पुढे चर्नी रोड, मरीन लाइन्स आणि चर्चगेट ही स्थानके रस्त्याला जवळजवळ समांतर आहेत. रस्ते बंद असल्यामुळे टॅक्सीचा उपयोग नसतो, लोकलचा असतो. दर दोन-तीन किलोमीटरवर सन्मानाने माघार घेता येईल असा हा उत्तरार्ध आहे, आणि सावरणाऱ्या धावपटूला एवढा दिलासा कोणत्याही पदकापेक्षा मोलाचा वाटतो.

पेडर रोडच्या चढाविषयी धावपटू बरेच बोलतात. मी तो बहुतेक चालत चढले, त्यामुळे चढाविषयी माझी तक्रार नाही. अडचण झाली ती प्रेमाची. त्या रस्त्यावरील रहिवासी सकाळी सकाळी संत्र्याच्या फोडी, बिस्किटे आणि चिक्की घेऊन उभे असतात, बिबवर छापलेले नाव वाचून हाक मारतात आणि चालणारा कोणी दिसला की ‘चालू नका, धावा, थोडेच राहिले’ असे ओरडतात. तोवर काटेकोरपणे पाळलेला चालण्या-धावण्याचा क्रम मी तेथे दोनदा मोडला. एका आजींनी टाळ्या वाजवायला सुरुवात केल्यावर चालत राहण्याचे धैर्य मला झाले नाही. दुसऱ्या खेपेला ठोके १७० वर गेले आणि केम्प्स कॉर्नरला मी कठड्याला टेकून पाच मिनिटे उभी राहिले. आजारातून उठलेल्यांनी तेथे कानात बोळे घालावेत, असे मी अर्धे गंभीरपणे सुचवते.

मरीन ड्राइव्हवर सूर्य वर आला आणि थंडीचा उरलासुरला विषय संपला. पाणी आणि क्षारयुक्त पेय वाटेत पुरेसे मिळाले; मी दोन्ही आलटून पालटून घोट-घोट घेतले, कारण संथ गतीने धावणारा माणूस नुसतेच पाणी पीत राहिला तर रक्तातील सोडियम उतरण्याचा धोका त्यालाच अधिक असतो. २ तास ५७ मिनिटांनी, म्हणजे माझ्या पूर्वीच्या उत्तम वेळेपेक्षा ४३ मिनिटे उशिरा, मी छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसजवळ शर्यत पूर्ण केली.

पुढील चार दिवस सकाळचे ठोके ६८ च्या आसपास राहिले, पाचव्या दिवशी ६१ झाले आणि आठव्या दिवशी मी पुन्हा वीस मिनिटे धावले. ताप उतरून तीन महिने झाले नसतील, तर दक्षिण मुंबईतच होणारी दहा किलोमीटरची शर्यत निवडावी, असा माझा सल्ला आहे; तेथे सी लिंक नाही. माझी नोंदणी आजारापूर्वी झालेली होती, म्हणून मी माहीमला गेले.