विद्यार्थी विनिमयासाठी परदेशी विद्यापीठांना भेट द्यावी, की शिक्षण परिषदेला जावे?

विद्यार्थी विनिमयाचे नवे करार करायचे ठरले, की विद्यापीठाच्या आंतरराष्ट्रीय कक्षापुढे पहिला प्रश्न उभा राहतो तो प्रवासखर्चाचा. हाताशी असलेल्या रकमेत एक तर एखाद्या मोठ्या शिक्षण परिषदेला जाता येते, नाही तर मोजक्या दोन-तीन विद्यापीठांना सवडीने भेट देता येते. दोन्ही एकाच वर्षात क्वचितच जमते. परिषदेत संभाव्य भागीदार सापडतो, परंतु तो आपल्या विद्यार्थ्यांच्या उपयोगाचा आहे की नाही, हे त्याच्या आवारात गेल्याखेरीज पुरते कळत नाही. म्हणून आपण शोधाच्या टप्प्यावर आहोत की पारखण्याच्या, हे आधी ठरवावे, असे माझे मत आहे.

परिषदांपैकी तीन विशेष महत्त्वाच्या आहेत. १९४८ मध्ये स्थापन झालेल्या नाफ्सा या अमेरिकी संस्थेची वार्षिक परिषद मेच्या अखेरीस भरते, १९८९ मध्ये सुरू झालेल्या ईएआयई या युरोपीय संस्थेची सप्टेंबरमध्ये, तर २००४ मध्ये स्थापन झालेल्या एपीएआयई या आशिया-पॅसिफिक संस्थेची फेब्रुवारी-मार्चच्या सुमारास. भेटीच्या वेळा आधी ठरवून गेल्यास एकाच दिवसात अनेक विद्यापीठांच्या प्रतिनिधींशी बोलता येते, आणि कोणाला नवे करार हवे आहेत, कोण केवळ शिष्टाचारापोटी भेटत आहे, याचा अंदाज लगेच येतो. पण टेबलापलीकडे बसलेली व्यक्ती बहुधा आंतरराष्ट्रीय कक्षाची असते. कराराची कलमे तिला तोंडपाठ असतात. तिसऱ्या वर्षाचा अमुक विषय पुढच्या सत्रात शिकवला जाणार आहे का, हे मात्र तिला विभागाकडे विचारूनच सांगावे लागते.

प्रत्यक्ष भेटीचे मोल येथे कळते. कागदावरचा क्रेडिटचा, म्हणजे अभ्यासाचा भार मोजण्याच्या एककांचा, हिशेब घरबसल्या करता येतो. युरोपच्या ईसीटीएस या क्रेडिट-पद्धतीत पूर्ण वर्षाचा अभ्यास ६० क्रेडिटचा असतो आणि एक क्रेडिट २५ ते ३० तासांच्या अभ्यासाबरोबर मानले जाते; ब्रिटनमध्ये तेच वर्ष १२० क्रेडिटचे भरते, तर अमेरिकेत साधारण ३० चे. ही रूपांतरे ठरवायला विमानाचे तिकीट लागत नाही. तिकीट लागते ते विभागात जाऊन, संकेतस्थळावरील विषयांची यादी चालू सत्राच्या वेळापत्रकाशी ताडून पाहण्यासाठी. यादीतला एखादा विषय वेळापत्रकात दिसत नसेल, तर तो दुसऱ्या सत्रात होतो, वर्षाआड होतो, की शिकवणारे प्राध्यापक रजेवर असल्यामुळे बंद आहे, हे विभागातच उभे राहून विचारावे. परतल्यावर विद्यार्थ्याची क्रेडिट अडकतात ती बहुतेकदा अशाच एका विषयापायी, आणि त्याचे सत्र वाया जाणे ही माझ्या दृष्टीने कोणत्याही विनिमय कराराची सर्वांत मोठी हानी आहे.

त्याच दिवशी, शक्य असल्यास अधिकाऱ्यांच्या अनुपस्थितीत, तेथे आलेल्या विनिमय विद्यार्थ्यांशी तासभर बोलावे. वसतिगृहाची खोली सत्र सुरू होण्यापूर्वी मिळाली की नंतर, विषयांची नोंदणी स्थानिक विद्यार्थ्यांबरोबर झाली की उरलेल्या जागांवर, प्रयोगशाळेत त्यांना स्वतः काम करू देतात का, या प्रश्नांची उत्तरे माहितीपत्रकात सापडत नाहीत. अर्थात, त्यासाठी विद्यार्थी आवारात असायला हवेत. जर्मनीत हिवाळी सत्राची व्याख्याने साधारण ऑक्टोबरच्या मध्यापासून फेब्रुवारीपर्यंत चालतात, जपानचे शैक्षणिक वर्ष एप्रिलमध्ये सुरू होते, ऑस्ट्रेलियात पहिले सत्र फेब्रुवारी-मार्चमध्ये उघडते. ऑगस्टमध्ये युरोपला काढलेली भेट रिकाम्या इमारती पाहण्यात जाते.

भेटीचा आणखी एक लाभ परिषदेत मिळतच नाही. विनिमयात विद्यार्थी शिक्षणशुल्क आपल्याच विद्यापीठात भरतो आणि यजमान विद्यापीठ ते माफ करते. त्यामुळे जाणाऱ्यांची आणि येणाऱ्यांची संख्या काही वर्षांत तरी जुळावी लागते. आपल्याकडून सगळे जायला तयार आणि तिकडून कोणीच येत नाही, अशी स्थिती झाली, की करार कागदावर राहतो. यासाठी भेटीच्या वेळीच यजमान विद्यापीठातील विद्यार्थ्यांपुढे आपल्या अभ्यासक्रमांची माहिती देण्याची संधी मागून घ्यावी. म्हणूनच या दौऱ्यावर केवळ प्रशासकीय अधिकारी न पाठवता संबंधित विभागातील एक प्राध्यापकही पाठवावा, असा माझा आग्रह राहील.

तिसरा मार्ग ऑनलाइन बैठकीचा. तो प्राथमिक चौकशीला पुरतो. दोन विद्यापीठांच्या वर्गांनी मिळून एखादा अभ्यास ऑनलाइन करण्याची कॉइल ही पद्धत न्यूयॉर्क राज्य विद्यापीठाने रुजवली. तिचे केंद्र तेथे २००६ मध्ये सुरू झाले. करारापूर्वी दोन विभागांचे सूर जुळतात का, हे अजमावण्याचा तो कमी खर्चाचा उपाय आहे.

ज्या कक्षाकडे अद्याप एकही सक्रिय करार नाही, त्याने पहिल्या वर्षी परिषद निवडावी. ज्याच्याकडे तीन-चार विद्यापीठांची नावे आणि निदान एका विभागाची लेखी उत्सुकता आहे, त्याने परिषद सोडून देऊन भेटीच काढाव्यात, आणि त्याही एकाच देशातल्या, म्हणजे प्रवासात दिवस जात नाहीत. युरोपातील भागीदार असेल, तर इरॅस्मस प्लस या युरोपीय संघाच्या शैक्षणिक देवाणघेवाणीच्या कार्यक्रमातून कर्मचाऱ्यांच्या भेटीसाठी अनुदान मिळू शकते का, हे आधी विचारावे. युरोपबाहेरच्या विद्यापीठांबरोबरच्या देवाणघेवाणीसाठी हा अर्ज युरोपीय विद्यापीठानेच करायचा असतो. ब्रिटनची २०२१ पासूनची ट्युरिंग योजना मुख्यतः तेथून बाहेर जाणाऱ्या विद्यार्थ्यांसाठी असल्याने आपल्या विद्यार्थ्यांच्या खर्चासाठी तिच्यावर विसंबू नये. आणि तिकीट काढण्याआधी गेल्या दोन वर्षांत प्रत्यक्ष शिकवल्या गेलेल्या विषयांची सत्रवार यादी लेखी मागवावी. ती पाठवायला जे विद्यापीठ महिनोन्‌महिने लावते, त्याचे नाव दौऱ्यातून वगळलेले बरे.